जुन्या वाद्यांचे ध्वनिमुद्रण : बरोक संगीताचा युरोपीय अनुभव आणि मिरजेचा तंबोरा

बीजसंज्ञा : बरोक संगीत, ऐतिहासिक वाद्ये, ध्वनिमुद्रण, तंबोरा, जवारी, मिरज

प्रस्तावना

इ. स. २०१९ च्या जानेवारी महिन्यात इटलीतील क्रेमोना या शहराने काही आठवडे आवाज न करण्याचे ठरविले. तेथील व्हायोलिन संग्रहालयाभोवतीचे रस्ते पोलिसांनी वाहनांना बंद केले. दगडी फरसबंदीवरून टाचांचे बूट वाजवीत जाऊ नये, पेले आदळू नयेत, मोठ्याने बोलू नये, असे आवाहन खुद्द महापौरांनी नागरिकांना केले. संग्रहालयाच्या सभागृहातील वायुवीजन व उद्वाहन बंद ठेवण्यात आले, इतकेच नव्हे तर विजेचे दिवेही काढून ठेवण्यात आले, कारण दिव्यांची बारीक गुणगुण संवेदनशील मायक्रोफोन टिपत होते. हा सारा खटाटोप चार वाद्यांसाठी होता. आंतोनिओ स्त्रादिवारी याने १७२७ मध्ये केलेले व्हायोलिन व १७०० मधील चेलो, ग्वारनेरी देल जेझू याचे १७३४ चे व्हायोलिन आणि अमाती घराण्यातील १६१५ चा व्हिओला ही ती वाद्ये होत. बत्तीस मायक्रोफोन लावून, आठवड्यातील सहा दिवस, रोज आठ तास, चार वादक या वाद्यांतून निघू शकणारा एकेक स्वर निरनिराळ्या रीतीने वाजवीत होते आणि तो मुद्रित होत होता. लाकडाला वय असते, आज वाजणारे वाद्य उद्या वाजविण्याइतके सशक्त राहीलच असे नाही, म्हणून आवाज आताच साठवून ठेवावा, हा त्यामागील विचार होता.

ज्या काळात ही वाद्ये घडली तो युरोपीय संगीताच्या इतिहासात 'बरोक' या नावाने ओळखला जातो. साधारणतः १६०० ते १७५० असा हा कालखंड मानतात. मोन्तेवेर्दी, विवाल्डी, हँडेल, बाख ही त्यातील ठळक नावे. यांपैकी मोन्तेवेर्दीचा जन्म १५६७ मध्ये क्रेमोना येथेच झाला. या काळातील संगीत त्याच काळातून शिल्लक राहिलेल्या वाद्यांवर वाजवून मुद्रित करण्याची एक मोठी चळवळ विसाव्या शतकात युरोपात उभी राहिली. प्रस्तुत लेखात त्या चळवळीतील काही अनुभवांचा परिचय करून द्यावयाचा आहे. परंतु तो केवळ परिचयापुरता नाही. कोल्हापूरपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर असलेल्या मिरजेत गेली सुमारे पावणेदोनशे वर्षे तंबोरे व सतारी घडत आहेत. तेथील जुना तंबोरा ध्वनिमुद्रित करावयाचा झाल्यास नेमके काय मुद्रित होईल, हा प्रश्न युरोपीय अनुभवाच्या उजेडात तपासता येतो, आणि त्याचे उत्तर काहीसे अस्वस्थ करणारे आहे.

वाद्य टिकले, आवाज टिकला का ?

जुने वाद्य हाती आले म्हणजे जुना आवाज हाती आला, ही सर्वसामान्य समजूत आहे. युरोपातील अभ्यासकांचीही आरंभी काहीशी अशीच समजूत होती. व्हायोलिनच्या बाबतीत तिला पहिला धक्का बसला. स्त्रादिवारी १७३७ मध्ये निवर्तला. त्याची शेकडो वाद्ये आज वाजत असली तरी त्यांतील जवळजवळ प्रत्येक वाद्य एकोणिसाव्या शतकात उघडून बदलण्यात आले आहे. मान काढून अधिक तिरपी बसविली गेली, बोटे फिरविण्याची पट्टी लांब केली गेली, आतील आधाराची दांडी अधिक जाड घातली गेली. आतड्याच्या तारांची जागा पुढे धातूच्या तारांनी घेतली. मोठ्या सभागृहांत आवाज लांबवर पोहोचावा ही त्या काळाची गरज होती आणि कारागिरांनी ती पुरविली. परिणामी आज 'स्त्रादिवारीचा आवाज' म्हणून आपण जो ऐकतो तो बहुतांशी एकोणिसाव्या शतकातील दुरुस्तीचा आवाज आहे. पेटी बरोक काळातील आणि कंठ मात्र नंतरचा, असे याचे वर्णन करता येईल.

हार्पसिकॉर्ड या वाद्याची कथा तर अधिक गुंतागुंतीची आहे. यात तारा पिसाच्या देठाने छेडल्या जातात. पियानोप्रमाणे हातोडीने ठोकल्या जात नाहीत. अँटवर्प येथील रुकर्स घराण्याच्या हार्पसिकॉर्डना सतराव्या शतकात मोठी प्रतिष्ठा होती. अठराव्या शतकात पॅरिसमधील ब्लांशे, तास्कँ यांसारख्या कारागिरांनी हीच वाद्ये रुंद करून त्यांत स्वर वाढविले. काही वाद्यांत मूळ लाकडाचा अगदी थोडा भाग शिल्लक राहिला. काहींवर रुकर्स हे नाव नुसते लावले गेले. म्हणजे एखाद्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर 'मूळ रुकर्स वाद्य' असे छापलेले असले तरी 'मूळ' या शब्दाचा अर्थ प्रत्येक वाद्यापुरता स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

एकोणिसाव्या शतकात हार्पसिकॉर्ड जवळजवळ विस्मृतीत गेले होते. विसाव्या शतकात ते पुन्हा लोकांपुढे आणण्याचे श्रेय वांडा लांडोव्स्का या विदुषीकडे जाते. तिने १९३३ मध्ये बाखच्या गोल्डबर्ग रचनांचे मुद्रण केले. मात्र तिचे वाद्य प्लेयेल या पियानोच्या कारखान्याने तिच्यासाठी बनविलेले, लोखंडी चौकटीचे, नव्या धाटणीचे होते. ती ध्वनिमुद्रिका आज ऐकताना वादनाची थोरवी जाणवते. वाद्य मात्र बाखच्या ओळखीचे नव्हते, हेही जाणवते. पुढे अमेरिकेत फ्रँक हबर्ड व विल्यम डाउड या दोघांनी १९४९ पासून जुन्या वाद्यांची मोजमापे घेऊन त्याबरहुकूम नवी वाद्ये घडविण्यास प्रारंभ केला. एडिंबरा येथील संग्रहात असलेला तास्कँचा १७६९ चा हार्पसिकॉर्ड हा अशा प्रतिकृतींसाठी अनेकांनी आदर्श मानला आणि त्या मूळ वाद्यावरही मुद्रणे झाली. प्रतिकृती नेमकी झाली की नाही हे कानाने ताडून पाहण्यास मूळ वाद्याचे मुद्रण उपयोगी पडते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी. मुद्रण श्रोत्यांसाठी असते तसे कारागिरासाठीही असते.

खेड्यातील ऑर्गन

बदललेल्या वाद्यांच्या या गर्दीत जे वाद्य तुलनेने कमी बदलले ते म्हणजे चर्चमधील नळ्यांचा ऑर्गन. तो जागेवरून सहजासहजी हलत नाही. तथापि तोही सर्वस्वी सुरक्षित नव्हता. हांबुर्ग येथील सेंट याकोबी चर्चमधील आर्प श्निटगर या श्रेष्ठ कारागिराच्या ऑर्गनच्या दर्शनी नळ्या पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, धातूसाठी वितळविण्यात आल्या. (आपल्याकडेही युद्धकाळात मंदिरांतील घंटांवर अशी वेळ आली असती तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.)

याच श्निटगरने १६८० मध्ये हांबुर्गच्या एका मठासाठी घडविलेला दुसरा एक ऑर्गन १८१६ मध्ये काप्पेल नावाच्या खेड्यातील चर्चला विकला गेला होता. खेड्यात गेल्यामुळे तो वाचला. श्रीमंत शहरांतील वाद्ये बदलत्या अभिरुचीनुसार वारंवार अद्ययावत होत राहिली. खेड्यापाशी त्यासाठी पैसा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर डॉइच ग्रामोफोन कंपनीने प्राचीन संगीतासाठी 'आर्खीव' ही स्वतंत्र मालिका सुरू केली, तेव्हा हेल्मुट वाल्खा या वादकाने ल्युबेकमधील एका जुन्या ऑर्गनवर १९४७ मध्ये बाखच्या रचनांचे मुद्रण आरंभिले, आणि १९५० नंतर त्यासाठी काप्पेल गाठले. वाल्खा तरुणपणीच अंध झाला होता. बाखच्या ऑर्गनरचना त्याने एकेक स्वरपंक्ती दुसऱ्याकडून वाजवून घेऊन पाठ केल्या होत्या. खेड्यातील चर्च, जुने वाद्य आणि सारे संगीत स्मरणात बाळगणारा अंध वादक, असा हा योग होता. त्या ध्वनिमुद्रिकांमुळे असंख्य श्रोत्यांना प्रथमच कळले की बाखची दाट वाटणारी रचना मुळात किती स्वच्छ आहे. प्रत्येक पंक्ती वेगळी ऐकू येते, कारण त्या ऑर्गनच्या नळ्या तशा बोलतात. एकोणिसाव्या शतकातील अवाढव्य ऑर्गनवर हेच संगीत धुके पसरावे तसे ऐकू येई.

ऑर्गनची आणखी एक साक्ष महत्त्वाची आहे. नळी एकदा कापली की तिचा स्वर ठरतो. व्हायोलिनची तार ओढून वा सैल करून हवा तो स्वर लावता येतो, तसे नळीचे नाही. त्यामुळे जुने ऑर्गन व लाकडी बासऱ्या यांवरून त्या काळी आधारस्वर कोठे होता हे कळते. आज जगभर 'ए' हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा धरतात; १९३९ च्या लंडन परिषदेत हे मान्य झाले. बरोक काळात असा एकच मानदंड नव्हता. फ्रान्समधील वाद्ये आजच्यापेक्षा सुमारे एक पूर्ण स्वर खाली, तर उत्तर जर्मनीतील काही ऑर्गन तितकेच वर लागलेले आढळतात. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचे तर एकच रचना एका गावी काळी एकमध्ये आणि दुसऱ्या गावी काळी तीनच्या जवळपास गायिली जात होती. गायकाच्या गळ्यावर, रचनेच्या रंगावर याचा केवढा परिणाम होत असेल हे गाणाऱ्यास सांगावयास नको. आजचे बरोक वादक सोयीसाठी ४१५ कंपनांचा 'ए' घेतात. तो ४४० च्या बरोबर अर्धा स्वर खाली येतो, एवढेच त्याचे मुख्य समर्थन आहे.

वाजवावे की जपावे ?

निकोलाउस हार्नोनकुर्ट याने १९५३ मध्ये व्हिएन्नात कोन्सेंटुस म्युझिकुस हा वादकसंघ स्थापन केला. संघाने पहिला जाहीर कार्यक्रम १९५७ मध्ये केला; मधली वर्षे केवळ वाद्ये मिळविणे, ती लावणे आणि जुन्या ग्रंथांतून त्यांचे वादन शिकणे यांत गेली. असे ग्रंथ उपलब्ध होते, हे युरोपचे भाग्य. बासरीवर क्वान्ट्स याचा (१७५२), कळफलकाच्या वाद्यांवर बाखपुत्र कार्ल फिलिप इमान्युएल याचा (१७५३) आणि व्हायोलिनवर लिओपोल्ड मोझार्ट याचा (१७५६) ग्रंथ त्यांच्यासमोर होता. हार्नोनकुर्ट व हार्पसिकॉर्डवादक गुस्ताव लिओनहार्ट यांनी मिळून १९७१ पासून पुढील सुमारे दोन दशकांत बाखच्या धार्मिक कांटाटांचे समग्र मुद्रण पूर्ण केले. हॉलंडचा फ्रान्स ब्रुगन याने तर संग्रहांतील अठराव्या शतकातील मूळ बासऱ्यांवर मुद्रणे केली.

येथेच संग्रहपालांशी मतभेद उत्पन्न झाले. दोन-अडीचशे वर्षे कोरड्या राहिलेल्या लाकडी बासरीत फुंकर घातली की श्वासाची वाफ आतून लाकडाला फुगविते, बाहेरचे लाकूड कोरडेच राहते, आणि बासरी तडकू शकते. हार्पसिकॉर्डला तारा चढविल्या की त्या ताणाने जुनी चौकट हळूहळू वाकते. तेव्हा काही मिनिटांच्या मुद्रणासाठी वाद्य धोक्यात घालावे काय ? आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या वाद्यविषयक समितीने १९८५ मध्ये याविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांचा रोख असा की संग्रहातील वाद्य हा प्रथम एक दस्तऐवज आहे; ते वाजविण्यापूर्वी त्याची स्थिती नोंदवावी, आणि वाजते करण्यासाठी मूळ भाग काढून टाकणे हे दस्तऐवजाचे पान फाडण्यासारखे समजावे. प्रस्तुत लेखकास ही भूमिका मान्य आहे, पण पूर्णतः नाही. जे वाद्य कधीच वाजत नाही त्याच्याविषयी आपल्याला जे कळते ते माप आणि रंग यांपलीकडे जात नाही. एकदा, थोडा वेळ, पूर्ण तयारीनिशी वाजवून मुद्रित करणे हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग होय.

या चळवळीवर एक मूलगामी आक्षेपही घेतला गेला. अमेरिकन अभ्यासक रिचर्ड टारुस्किन याने असे प्रतिपादिले की जुन्या वाद्यांवरचे हे स्वच्छ, चपळ, भावनेला आवर घालणारे वादन अठराव्या शतकाचे कमी आणि विसाव्या शतकाच्या अभिरुचीचे अधिक आहे. हा आक्षेप फेटाळता येत नाही. वाद्य जुने असले तरी हात व कान आजचेच असतात. मात्र वाद्य हे हातालाही काही शिकविते, इतके म्हणता येईल. आतड्याच्या तारेवर आणि जुन्या घडणीच्या गजावर आजच्या जोराने वाजवू गेल्यास आवाज खरवडला जातो. वादकाला आपली सवय बदलावीच लागते.

मिरज : आवाज कोठे असतो ?

आता आपल्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेत फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यांच्या घडणीस प्रारंभ केला असे मानले जाते. शिकलगार म्हणजे मूळचे शस्त्रांना धार लावणारे. तलवारीचे काम संपत आले तेव्हा त्या हातांनी भोपळा आणि लाकूड धरले. पंढरपूर-मंगळवेढा परिसरातील भोपळे, तुणीचे लाकूड आणि पिढीजात हात यांच्या बळावर मिरजेचे तंबोरे देशभर गेले. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सतारमेकर गल्लीत आजही दारातून आत पाहिले तर भिंतीला टेकून ठेवलेले कोरडे भोपळे दिसतात.

मिरजेत, कोल्हापुरात, सांगलीत अनेक घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वीचे तंबोरे आहेत. क्रेमोनाप्रमाणे त्यांचे मुद्रण करावे असे कोणी मनात आणले तर पहिली अडचण अशी येते की तंबोऱ्याचा आवाज भोपळ्यात नसतो, निदान मुख्यत्वे नसतो. तो घोडीवर असतो. घोडीचा वरचा पृष्ठभाग अतिशय मंद उताराने घासलेला असतो. तार त्यावरून टेकत-सुटत कंप पावते, आणि घोडी व तार यांच्यामध्ये सुताचा दोरा योग्य जागी सरकविला की स्वर फुलतो. हीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात यातील नवल दाखवून दिले. साध्या तारेच्या बाबतीत असा नियम आहे की तार ज्या बिंदूवर छेडली जाते त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा कंप शून्य असतो ते उपस्वर ऐकू येत नाहीत. तार बरोबर मध्यावर छेडली तर समक्रमांकाचे सारे उपस्वर गळतात. तंबोऱ्याची तार मात्र हा नियम पाळीत नाही; कोठेही छेडली तरी उपस्वरांची सगळी मालिका उमटते. घोडीच्या वक्र पृष्ठभागामुळे हे घडते. खरजाच्या तारेत गंधार ऐकू येतो असे गायक सांगतात, त्याचे मर्म येथे आहे.

आता या घोडीचे आयुष्य पाहावे. तार रोज त्याच जागी घासून खाच पाडते. नियमित वापरातील तंबोऱ्याची जवारी काही महिन्यांनी, फार तर वर्षा-दोन वर्षांनी, पुन्हा काढावी लागते. म्हणजे पृष्ठभागाचा एक थर कानशीने काढून नवा उतार द्यावा लागतो. घोडी झिजून पातळ झाली की बदलली जाते. पूर्वी तीत हस्तिदंत वा सांबरशिंग वापरले जाई. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला आणि पुढे हे पदार्थ वर्ज्य झाले, तेव्हा उंटाचे हाड, शिसवी लाकूड व कृत्रिम पदार्थ आले. तात्पर्य, शंभर वर्षांपूर्वीचा तंबोरा आज वाजतो तेव्हा भोपळा व दांडी शंभर वर्षांची असते आणि आवाज गेल्या जवारीचा, म्हणजे कदाचित मागील दिवाळीचा असतो. स्त्रादिवारीच्या वाद्यात एकदा मान बदलली गेली. तंबोऱ्यात ते वर्षानुवर्षे चालूच असते.

यास दोष म्हणता येणार नाही. ही परंपराच तशी आहे : वाद्य अपुरे, ते दर वेळी कारागिराच्या कानाने पुरे करावयाचे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहत. वाद्यांच्या दुरुस्तीत व जवारीत त्यांचाही हात चालत असे. गायक, कारागीर आणि वाद्य यांच्यातील अंतर इतके थोडे होते की कागदावर काही नोंदवावे अशी गरज कोणास भासली नाही. युरोपात ग्रंथ आणि वाद्ये राहिली, पण शिकविणारी परंपरा खंडित झाली होती. ती मुद्रणाच्या आधारे पुन्हा जोडावी लागली. आपल्याकडे परंपरा अखंड होती म्हणून आपण काहीच लिहून ठेवले नाही.

जुन्या तबकड्यांत तंबोरा

तर मग जुन्या ध्वनिमुद्रिकांत तो आवाज असेल, असे वाटते. भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्ता येथे फ्रेडरिक गेझबर्ग याने केले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायक धातूच्या कर्ण्यात तोंड घालून गात असे आणि आवाजाच्या दाबाने सुई मेणात रेघ ओढीत असे. गळा, सारंगी, पेटी यांचा आवाज कर्ण्यापर्यंत पोहोचे. तंबोऱ्यासारखे मृदू वाद्य पोहोचत नसे. शिवाय त्याचे जे वैशिष्ट्य, ते वरचे बारीक उपस्वर, कर्ण्याच्या टप्प्याबाहेरचे होते. विद्युत् मुद्रण १९२५ पासून आले, तरी मायक्रोफोन गायकापुढेच राहिला. अडीच-तीन मिनिटांच्या तबकडीत तंबोऱ्यासाठी स्वतंत्र जागा कोण ठेवणार ? तबकड्यांचा वेगही आरंभी एकसारखा नसे, त्यामुळे गायक नेमक्या कोणत्या पट्टीत गात होता हेही खात्रीने सांगता येत नाही. कोल्हापूर दरबारचे अल्लादिया खाँसाहेब आणि भास्करबुवा बखले यांच्या गायनाच्या तबकड्याच निघाल्या नाहीत, याबद्दल आपण हळहळतो. ज्यांच्या तबकड्या निघाल्या त्यांच्या मागे वाजणारा तंबोराही आपल्याला मिळालेला नाही, याबद्दल कोणी हळहळलेले लेखकाच्या वाचनात नाही.

पुढील काळात तंबोरा ऐकू येऊ लागला तोवर त्याची जागा घेणारी साधने आली. बंगळूर येथे इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला आणि १९८० नंतर तो घरोघर पोहोचला. आता भ्रमणध्वनीवर तंबोरा वाजतो. त्यातील आवाज पुष्कळदा खऱ्या तंबोऱ्याचा मुद्रित केलेला असतो, म्हणजे एका अर्थी क्रेमोनातील प्रयोगच. परंतु तो तंबोरा कोणाचा, कोठला, जवारी कोणी काढली, तारा कोणत्या जाडीच्या होत्या, ही माहिती क्वचितच दिलेली आढळते. विद्यार्थी ज्या स्वरात आपला स्वर मिळवितो त्याचे गोत्र त्यास ठाऊक नसते. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, आणखी एक मौज अनेक संगीतशिक्षकांनी अनुभवली. संगणकावरून शिकविताना सतत चालणारा तंबोऱ्याचा नाद यंत्राला पंख्याच्या घरघरीसारखा वाटे व ते तो आपोआप गाळून टाकी. मुद्रणाच्या यंत्रांच्या दृष्टीने तंबोरा अजूनही गोंगाटच आहे !

एक स्वानुभव

याविषयी लिहिण्यास प्रवृत्त होण्याचे कारण घरगुती आहे. प्रस्तुत लेखकाच्या आजोबांनी मिरजेहून आणलेला एक तंबोरा उचगाव येथील घरी आहे. आजोबा भजन गात. त्यांच्या पश्चात तंबोरा अनेक वर्षे खोळीत घालून भिंतीला लटकत होता. एम. फिल.चे काम आटोपल्यावर लेखकाने हौसेने नव्या तारा घालून त्याची जवारी काढून घेतली. कारागिराने काम चोख केले. आवाज मोठा, खुला, झळझळीत झाला. आजीने ऐकले आणि सहज म्हणाली, "चांगला लागलाय. पण ह्यो तेंचा न्हाई वाटत." आजोबांची जवारी गोल, बंद वळणाची होती, एवढे तिच्या वर्णनावरून कळले. ती कशी होती हे ऐकण्याचा मार्ग मात्र उरला नव्हता. घरात आजोबांच्या भजनाची एक ध्वनिफीत आहे. तीत पखवाज आहे, चिपळ्या आहेत, आजोबांचा गळा आहे. तंबोरा फितीच्या खरखरीखाली कोठेतरी आहे. जवारी काढण्यापूर्वी जुन्या तारांवर, बेसूर का होईना, दहा मिनिटांचे मुद्रण केले असते तर निदान काही हाती राहिले असते. ही चूक सर्वस्वी लेखकाची होती. दस्तऐवजाचे पान फाडले गेले ते अज्ञानाने.

त्यानंतर परिचयातील दोन घरांचे जुने तंबोरे जवारीस जाण्यापूर्वी मुद्रित करण्याचा लेखकाने प्रयत्न केला. त्यातून लक्षात आलेल्या काही गोष्टी असे काम करू इच्छिणाऱ्यांना उपयोगी पडाव्यात. चारही तारा एकत्र छेडून केलेले मुद्रण ऐकण्यास गोड असते, पण अभ्यासाला प्रत्येक तार स्वतंत्रपणे, पूर्ण विझेपर्यंत, पाच-सहा वेळा मुद्रित केलेली असावी. सुताचा दोरा ठेवून एकदा आणि काढून एकदा. एक मायक्रोफोन घोडीपासून हातभर अंतरावर व दुसरा गायकाच्या कानाच्या जागी ठेवला तर दोन्हींतील फरकच बरेच शिकवितो. मुद्रण संक्षेपित स्वरूपात करू नये, कारण संक्षेपात मोठ्या स्वराच्या आड असलेले बारीक अंश टाकून दिले जातात आणि जवारी म्हणजे तेच बारीक अंश. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सुचविलेले ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट हे प्रमाण आजच्या साध्या मुद्रणयंत्रांतही मिळते. तारांची जाडी, लावलेली पट्टी, तारेची घोडीपासून अटीपर्यंतची लांबी आणि घोडीचे बाजूने, पट्टी टेकवून काढलेले छायाचित्र एवढे तरी सोबत असावे. कारागिराचे नाव व जवारीची तारीख यांशिवाय हे सारे निरर्थक ठरेल.

शांतता ही मात्र मोठीच अडचण आहे. उचगाव महामार्गाच्या काठी आहे. पंखा, शीतकपाट, दिवे बंद करणे आपल्या हाती असते; पुणे-बंगळूर मार्गावरील मालमोटारी नसतात. पहाटे तीन वाजता दीड तास बसून वापरण्याजोगी अकरा मिनिटे हाती आली. क्रेमोनाच्या महापौरांचा अशा वेळी फार हेवा वाटतो.

याच तंबोऱ्यांपैकी एकाची जवारी मिरजेत काढताना मुद्रणयंत्र चालू ठेवण्याची परवानगी लेखकाने तेथील एका वयोवृद्ध कारागिरांकडे मागितली. घोडीच्या उताराचे माप घेता येईल का, असेही विचारले. ते म्हणाले, "सर, ह्याचं माप नसतं. कान थांब म्हणला की थांबायचं." तरीही त्यांनी यंत्र शेजारी ठेवू दिले. त्या मुद्रणात कानशीचे फेरे स्पष्ट ऐकू येतात. चार-पाच फेरे झाले की ते थांबतात, तार छेडतात, दोरा किंचित सरकवितात, पुन्हा छेडतात. आरंभी स्वर बोथट आहे. मध्यंतरी तो एकदम चिरका होतो आणि त्यांचा हात बराच वेळ थांबलेला आहे. बाहेरून एक दुचाकी जाते. नंतर कानस अगदी हलकी फिरते, फक्त दोनदा, आणि खरज उघडतो.